उणे एकशे शहाण्णव

मी बर्फाच्या फॅक्टरीत हिशेब लिहिते.
वेंगुर्ल्याच्या बंदरावर, मे संपताना,
बंदी लागायच्या आधी
ट्रॉलरवाले रात्रीबेरात्री लाद्या मागायला येतात,
मी लिहिते : अमक्याला चाळीस, तमक्याला साठ,
वितळ वजा.

त्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाल्या,
औषध सुरू करायला चौदा दिवस आहेत आपल्याकडे.
त्याआधी एक विचारते. मूल हवंय का, पुढेमागे?
मी म्हटलं, लग्न नाही झालेलं.
त्या म्हणाल्या, मी ते नाही विचारलं.

मग सुया. रोज संध्याकाळी सातला,
बेंबीच्या बाजूची कातडी चिमटीत धरून.
आमच्या वाडीतली लाइट सांगून जात नाही,
म्हणून खोका ठेवला फॅक्टरीच्या फ्रीजमध्ये,
मालकांच्या सोलकढीशेजारी.
बस्त्यांवमामा तीस वर्षं कॉम्प्रेसर बघतात,
अमोनियाने नाक गेलंय त्यांचं.
त्यांनी खोक्यावर लिहिलं : हात लावू नये.
कशाचं ते विचारलं नाही.
लाइट गेली की आधी जनरेटर,
मग स्वतःसाठी बॅटरी शोधत.

आईला मात्र सांगावं लागलं.
ती आदोळीवर बांगडे साफ करत होती.
"आदी तू बरी हो गो, बाकीचा मगे बगू."
मगे बगूक काय उरूचा नाय, आई.
औषधच तसा आसा.
ती गप्प. पुढच्या बांगड्यात गाबोळी निघाली.
तिने ती अख्खी काढली, न फोडता,
आणि हातात धरून बसली,
कुठे ठेवावी ते तिला कळेना.

पैशांचं एवढंच : स्कूटर विकली.

पणजीच्या क्लिनिकमध्ये फॉर्म होता, अकरा पानी.
कु. की सौ.? कु.ला गोल.
नवव्या पानावर : आपल्या पश्चात.
नष्ट करणे. संशोधनास देणे. पतीच्या ताब्यात देणे.
तिसऱ्यावर तिथल्या बाईने माझ्यासमोर रेघ मारली,
सॉरी म्हणाली.
उरलेल्या दोन चौकोनांपाशी
माझं पेन, रोज शंभर आकडे लिहिणारं,
बराच वेळ अडलं.

भूल उतरली तेव्हा सांगितलं :
निघाली अकरा, तीन कच्ची, गोठवली आठ.
वितळवल्यावर सगळी टिकतीलच असं नाही.
हे मला समजवायची गरज नव्हती.

बस्त्यांवमामांना शेवटी सांगितलं.
ते म्हणाले, थंडी किती?
उणे एकशे शहाण्णव.
आपली मिठाची टाकी उणे दहाला घाम फोडते.
त्यांनी टोपी काढली, परत घातली.
आणि लाइट गेली तर?
लाइट लागतच नाही, मामा. पातळ नायट्रोजन ओततात.
हे त्यांना पटलं. थोडा हेवाही वाटला असावा.

जून. बोटी वर ओढल्या, झावळ्यांखाली.
मासे अंड्यांवर आहेत, कुणी जाळं टाकायचं नाही,
नोटीस भिंतीवर भिजून फुगली आहे.
फॅक्टरी बंद. टाकीत पाऊसपाणी नि एक बेडूक.
माझ्या हातात नळी, तिच्यातून उतरतंय
कोकमाच्या आगळासारखं लाल काहीतरी.
तोंडात खिळे ठेवल्याची चव.

वहीच्या शेवटच्या पानावर, जिथे मालक बघत नाहीत,
एक नोंद आहे : नग आठ, मुक्काम पणजी,
भाडं वर्षाचं, पुढची तारीख नऊ जून.
येणं की देणं,
कुठल्या रकान्यात ते अजून ठरलं नाही.

रात्री उलटी होऊन गेल्यावर
आई पाठीवर हात ठेवून विचारते,
थंय तेंका काय लागता काय गो?
काय नाय, आई.
उद्या परत विचारेल.